शेपटीविना आलेला माशीमार

नोव्हेंबरातली केस आहे, पण डोक्यातून जात नाही.

हिंजवडीकडच्या एका इमारतीच्या काचेवर आपटलेला इवलासा पक्षी तिथले सुरक्षारक्षक बुटाच्या खोक्यात घालून आमच्या उपचार केंद्रात घेऊन आले. खोक्याला भोकं पाडलेली, आत अंधार, आणि चोचीत पाणी ओतलेलं नाही. लोक हमखास पाणी पाजतात. ते श्वासनळीत जातं आणि धक्क्यातून वाचला असता तो जीव पाण्याने जातो. या दादांना ते न सांगता कळलं होतं. फक्त खाली पडल्यावर मांजरीने त्याला धरलं होतं, तिच्या तावडीतून सोडवताना शेपटी निघून आली, आणि मला नेमकी तीच हवी होती.

वजन नऊ ग्रॅम. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला, छातीवर दाब अजिबात नाही. छातीचं हाड हललं नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. पंख शाबूत होते, बुबुळं दोन्हीकडे सारखी.

लाल छातीचा माशीमार लिहून कुणीही मोकळं झालं असतं. पूर्व युरोपापासून रशियातल्या उरल पर्वताच्या आसपासपर्यंत त्याची वीण होते. तिकडचे कितीतरी छोटे पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात, हा मात्र आग्नेयेला वळून भारतात येतो. आपल्याकडे ऑक्टोबरपासून बागांमध्ये दिसतोच.

पण या पक्ष्याची चोच मुळापर्यंत काळी होती. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट असतं. छातीवर पिवळसर झाकही नव्हती, नुसता थंड राखाडी रंग. शेपटीच्या मुळावर झाकण घालणारी पिसं काळीकुट्ट. ही सगळी लक्षणं तैगा माशीमाराची. तो सायबेरियातून पार रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकापर्यंत वीण करतो आणि हिवाळ्यात ईशान्य भारत, म्यानमार, थायलंडकडे असतो. पुण्यात त्याची नोंद म्हणजे मोठी गोष्ट.

जुन्या पुस्तकांत हे दोघे एकाच जातीच्या उपजाती आहेत. गाणं, पिसारा, पिसं बदलण्याची पद्धत आणि मायटोकॉन्ड्रियातला डीएनए यांतले फरक मांडले गेले आणि 2005च्या आसपास ते वेगळ्या जाती म्हणून मान्य होऊ लागले. हिवाळ्यात मादी आणि पिल्लं ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण: मुळावरची पिसं शेपटीपेक्षा गडद असतील तर तैगा. आता तुलना कशाशी करायची? मधली पिसं गेलेली, कडेची दोनच उरलेली. मी दादांना फोन केला. तोवर आवार झाडून झालं होतं.

संध्याकाळी खोक्यातून आवाज आला, कोरडा, खूप वेगाचा. लाल छातीच्या माशीमाराच्या खडखडाटात एकेक ठोका सुटा ऐकू येतो. इथे तो येत नव्हता. मी रेकॉर्ड केला, पण आमच्या पंख्याची घरघर त्याच्यावर बसली.

दुसऱ्या सकाळी तो सरळ उडून समोरच्या झाडावर गेला. शेपूट काही आठवड्यांत परत येते.

रजिस्टरमध्ये मी ‘तैगा?’ लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, प्रश्नचिन्ह चालत नाही, नेहमीचं नाव टाक. मला हे अजिबात पटत नाही. दोन जाती कुठे भेटतात आणि कुठे नाहीत हे अशाच नोंदींतून कळतं, आणि खात्रीने लिहिलेलं चुकीचं नाव पुढे कुणी तपासत नाही. मी प्रश्नचिन्ह खोडलेलं नाही. चोचीचे फोटो नोंदीला जोडलेत. या हिवाळ्यात केंद्रात येणाऱ्या प्रत्येक माशीमाराची शेपटी मी आधी बघते आहे.