सीडी डॅश आणि धुळ्याची गाडी

परवा दुपारी, जळगावात बाहेर ४४ डिग्री आणि कूलरमधलं पाणी तळाला गेलेलं, मी स्क्रीन शेअर करून टीममधल्या एका पोराला लॉग दाखवत होतो. या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये, मग परत पहिल्यात, आणि दर वेळी अख्खा पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, टॅब मारत मारत का होईना पण अख्खा. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं, मग हळूच म्हणालं, "दादा, सीडी डॅश मारा ना."

बारा वर्षं काढली हो मी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत! सीडी ही फोल्डर बदलायची कमांड. सीडी, स्पेस, डॅश, एंटर, की आधी होतो तिथे. परत मारलं की पुन्हा इकडे. त्याला फक्त शेवटची जागा आठवते, त्याच्या आधीची नाही. जास्त लक्षात ठेवायचं तर पुशडी-पॉपडी आहे, ताटांची चळत रचावी तसं, पण ते माझ्या बोटांत कधी बसलंच नाही.

मला एकदम चाळीसगाव-धुळे गाडी आठवली. धुळ्याला आजोळ, मे महिना तिथेच. धुळ्यात पोचली की पुढे रूळच नाही, मग इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागे जायचं आणि शेवटच्या डब्याला, म्हणजे आता पहिल्या, धाडकन लागायचं. एक माणूस मधे वाकून साखळी अडकवायचा आणि काळे हात पँटलाच पुसायचा. तेवढं बघितल्याशिवाय मी स्टेशनातून हलायचो नाही, आई केळ्यांची पिशवी धरून वैतागलेली.

आजीच्या गल्लीत एक म्हातारेबुवा ओट्यावर बसून दिसेल त्याला विचारायचे, "कथा चालना रे भो?" म्हणजे अहिराणीत, कुठे चाललास. दुकानात, म्हणायचं. परत येताना पुन्हा तेच. मी पण दर सीडीनंतर पीडब्ल्यूडी मारून बघतो (रस्त्यांवाली नव्हे, आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी कमांड), प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांडच्या ओळीतच, पाथ समोर दिसत असतो तरी. खोडच.

आणि टर्मिनलवर ती नागमोडी टिल्ड (~) म्हणजे घर, आपलं होम फोल्डर, असं का, तर १९७६ च्या एडीएम-३ए टर्मिनलवर टिल्ड आणि होम एकाच बटणावर होते, म्हणून म्हणे. आमचं धुळ्याचं घर मामाने कधीच विकलं.

पोराला थँक्यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बोटांनी आपलं सीडी डॉट डॉट स्लॅश डॉट डॉट, दोन फोल्डर वर, जुन्याच सवयीने. जाऊ दे, कूलरमध्ये पाणी टाकायचं राहिलंय.