बर्लिनच्या नैर्ऋत्येला एक दिवस: ग्रूनेवाल्ड, वान्झे आणि इरावतीबाईंची इमारत

बर्लिनला येणारी आपल्याकडची मंडळी शहराला जेमतेम अर्धा दिवस देतात. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचा रंगवलेला तुकडा, चेकपॉइंट चार्लीपाशी फोटो, की बस निघाली प्रागला. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. या नोव्हेंबरात भाच्याकडे चार दिवस मुक्काम मिळाला आणि त्यातला एक दिवस मी हट्टाने नैर्ऋत्येच्या उपनगरांसाठी राखून ठेवला. कारण होतं इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला शिकायला गेल्या, ती इमारत अजून उभी आहे असं वाचलं होतं. नकाशा उघडल्यावर लक्षात आलं की बघण्यासारख्या आणखी दोन जागा त्याच बाजूला आहेत.

आधी तिकिटाचं. तिन्ही ठिकाणं शहराच्या भाड्याच्या एबी झोनमध्ये येतात, त्यामुळे दिवसभराचं एक तिकीट पुरतं. पण कागदी तिकिटावर फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. मी पर्समध्ये तिकीट जपून ठेवून निवांत बसणार होते, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, शिक्का मारलास का?" नव्हता मारला. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड ६० युरो. गाडी सोडून पुन्हा खाली उतरलो.

एस-७ या लोकलने ग्रूनेवाल्ड. स्टेशनाभोवती झाडीत लपलेले श्रीमंत बंगले, शुकशुकाट. भुयारी वाटेत 'ग्लाइस १७' अशी पाटी दिसते, म्हणजे फलाट क्रमांक १७. वर गेलात की रुळांच्या दोन्ही कडांना पोलादी पत्रे जमिनीत बसवलेले दिसतात. एकूण १८६. प्रत्येकावर तारीख, माणसांचा आकडा आणि गाडी कुठे गेली ते. बर्लिनमधून ज्यूंना घेऊन गेलेली पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ला इथूनच पोलंडमधल्या लोड्झकडे निघाली. पुढच्या कित्येक गाड्या शहरातल्या दुसऱ्या स्टेशनांतून सुटल्या, पण नोंद सगळ्यांची इथे आहे. अशा रीतीने पन्नास हजारांहून अधिक माणसं नेली.

फलाटाच्या एका टोकापासून चालायला लागा आणि घाई करू नका. सुरुवातीचे आकडे हजाराच्या घरातले, नंतर मध्येच शंभर, पन्नास, आणि शेवटी मार्च १९४५ मधली थेरेझिनश्टाट या नाझी छावणीकडे गेलेली गाडी, फक्त १८ माणसांची. सोव्हिएत फौजा बर्लिनच्या तोंडाशी आल्या होत्या, तरी अठरा जणांसाठी कुणीतरी कागद रंगवले, सही केली. पत्र्यांवर ओली पानं चिकटून बसली होती, एकदोन तारखा पायाने पानं सारून वाचाव्या लागल्या आणि ते करताना फार ओशाळल्यासारखं झालं.

घरी परतल्यावर वाचलं की जर्मन रेल्वे या प्रवासाचं भाडं लावत असे. तिसऱ्या वर्गाचा दर, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना फुकट, आणि चारशेच्या वर माणसं असली तर सवलत. सकाळी शिक्क्यासाठी केलेली माझी धावपळ तेव्हा आठवली.

इथे तिकीट नाही, दार नाही, पहारेकरी नाही. शेजारच्या फलाटावरून ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या धडधडत जातात. वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी हवीच.

पुन्हा एस-७ पकडून वान्झे. स्टेशनाबाहेरून ११४ नंबरची बस थेट 'हाउस डेर वान्झे-कोन्फेरेन्झ'च्या दारात सोडते. प्रवेश फुकट. तळ्याकाठचा देखणा बंगला, समोर बाग. २० जानेवारी १९४२ ला नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख हायड्रिख याने इथे बैठक बोलावली, त्याच्यासह पंधरा अधिकारी जमले आणि सुमारे दीड तासात युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची खातेवाटणी ठरली. हत्या आधीच सुरू झाल्या होत्या, हे लक्षात ठेवा. बैठक 'मारायचं का' यासाठी नव्हती, कोणत्या खात्याने काय करायचं यासाठी होती. पंधरांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले.

हायड्रिखच्या हाताखालच्या आइखमानने लिहिलेल्या इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या. त्यातली एकच, सोळावी, १९४७ मध्ये सापडली. तिच्यातलं देशवार कोष्टक मी बराच वेळ बघत उभी राहिले. इंग्लंड ३,३०,०००, म्हणजे जो देश जिंकलाच नव्हता त्याचीही बेरीज धरलेली. एकूण एक कोटी दहा लाखांच्या वर. एस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' एवढाच शेरा. मी आयुष्यभर सरकारी नोकरीत इतिवृत्तं लिहिली. ती भाषा मला ओळखीची वाटली, त्याचाच त्रास झाला.

प्रदर्शनाला दोन तास ठेवा. मजकूर इंग्रजीतही आहे. खाण्यासाठी आसपास हॉटेलं शोधत बसू नका, डबा बरोबर न्या. आम्ही मेथीचे पराठे नेले होते आणि ते बसथांब्यावर खाल्ले, त्या बागेत बसून खावंसं वाटलं नाही.

त्याच रस्त्यावर चार पावलांवर चित्रकार माक्स लीबरमानचं घर आहे. इथे तिकीट लागतं आणि मंगळवारी बंद असतं. लीबरमान प्रशियाच्या कला अकादमीचे अध्यक्ष होते. ज्यू होते, म्हणून मे १९३३ मध्ये, नाझींनी केलेल्या पुस्तकांच्या होळीच्या काही दिवस आधीच, त्यांच्यावर अकादमी सोडायची वेळ आली. १९३५ ला ते गेले. बायको मार्टा मागे राहिल्या. १९४० मध्ये त्यांना हा बंगला टपाल खात्याला विकायला भाग पाडलं आणि १९४३ च्या मार्चमध्ये, थेरेझिनश्टाटला नेणार हे कळल्यावर, त्यांनी विष घेतलं. बाग आता पुन्हा त्यांच्या चित्रांतल्यासारखी लावली आहे. नोव्हेंबरात तिथे फुलं नसतात, मे-जूनमध्ये जा.

पुस्तकांच्या होळीची जागा, बेबेलप्लात्झ, आम्ही आदल्या संध्याकाळी पाहिली होती. जमिनीत काचेखाली पांढरी रिकामी कपाटं आहेत. दिवसा काचेत आकाशच दिसतं, अंधार पडल्यावर आतला दिवा उजळतो, म्हणून रात्रीच जा. आपल्याकडे फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, हे भाच्याने त्याच्या जर्मन मित्राला सांगितलं होतं. मित्राला वाटलं, थट्टा चालली आहे.

आता डालेम. वान्झेहून एस-१ ने मेक्सिकोप्लात्झ, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत क्रुमे लांके, मग यू-३ मेट्रोने तिसरं स्टेशन, फ्राय युनिव्हर्सिटेट. ईनेश्ट्रासे २२, म्हणजे इरावतीबाईंची इमारत, तिथून अगदी जवळ. चार वाजताच अंधारलं होतं, ही माझी चूक. थंडीत येणाऱ्यांनी क्रम उलटा करावा.

१९२७ मध्ये ही इमारत कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेची म्हणून उघडली आणि इरावतीबाई तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. मार्गदर्शक होते संचालक ऑयगेन फिशर. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा जास्त असममित असते, असा त्यांचा कयास होता. विशीतल्या या बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा नि असममितीचा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून टाकलं. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. तीन वर्षांनी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. संस्थेतल्या तज्ज्ञांनी सक्तीच्या नसबंदीसाठी अभिप्राय दिले आणि युद्धात आउशवित्झ छावणीतल्या मेंगेले या डॉक्टरने पाठवलेले मानवी अवयव इथे आले. कवट्यांच्या संग्रहात वसाहतींतून आणलेल्याही होत्या. २०१४ मध्ये जवळच खोदकामात हाडं सापडली, ती २०२३ मध्ये सन्मानाने दफन केली.

आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात. दाराशेजारी १९८८ साली लावलेला फलक आहे, तो मी फोनच्या दिव्यात वाचला. भाच्याने विचारलं, "मावशी, त्या मोजत होत्या त्या कवट्या कुणाच्या होत्या, हे त्यांना माहीत असेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. आतून मुलं बाहेर पडत होती, एकीने आमच्यासाठी दार धरून ठेवलं.