माथ्याच्या दोन हात खाली

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, अगं एवढी तंगडतोड करून वर गेलीस आणि शेवटच्या दगडावर चढलीच नाहीस? फोटोत मागे तो टोकाचा दगड दिसतोय आणि मी आणि माझा दीर निनाद त्याच्या दोन हात खाली बसलोय. काकाचं म्हणणं, हे म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं कळसाचं दर्शन घेऊन परत येण्यासारखं झालं. त्याने टोमणा मारलाय पण उदाहरण अगदी बरोबर दिलंय, कारण कळसाला लांबून हात जोडतात, त्याच्यावर कोणी चढून बसत नाही.

तर डोंगर तारानाकी. न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडचं पश्चिमेकडे जे नाक बाहेर आलंय त्याच्या मधोमध एकटाच उभा आहे, २५१८ मीटर, लहान मुलं चित्रात काढतात तसा शंकू. झोपलेला ज्वालामुखी, मेलेला नाही, शेवटचा उद्रेक दोनेकशे वर्षांपूर्वीचा, आणि आजही त्याच्यावर शास्त्रज्ञांची यंत्रं लावलेली आहेत. मी याच्यावर दोनदा गेले. पहिल्यांदा अर्ध्याहून वरून परत आले, दुसऱ्यांदा माथ्याखाली थांबले. म्हणजे हिशोबाने बघायला गेलं तर मी तारानाकी एकदाही 'सर' केलेला नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही (पहिल्या वेळी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू).

पहिल्या वेळची चूक साधी होती, आम्ही उशिरा निघालो. नॉर्थ एग्मंटला, म्हणजे जिथे गाडी लावतात तिथे, साडेआठ वाजता पोचलो, आकाश निळंशार, डोंगर असा समोर की हात लांबवला तर लागेल. मला वाटलं आपण सह्याद्रीत एवढे घसारे तुडवलेत, हे काय. आता तिथला हिशोब असा आहे की पार्किंग साधारण साडेनऊशे मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त चढायचं आणि तेवढंच उतरायचं, आठ ते दहा तास धरतात. साडेआठला निघालेला माणूस माथ्यावर दुपारी पोचणार, आणि दुपारी हा डोंगर बहुतेक वेळा स्वतःचा ढग स्वतःच तयार करून बसतो. टास्मान समुद्रावरून येणारं वारं थेट याच्यावर आपटतं, मध्ये दुसरं काहीच नाही, ते वर चढतं, थंड होतं, झालं. आमच्या डोळ्यांसमोर वीस मिनिटांत झालं. वरची सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, दिसत होती, मग अर्धी दिसत होती, मग पुढचा खांबसुद्धा दिसेना. रस्ता दाखवायला खांब ठोकलेत तिथे, आणि आमचं आधीच ठरलं होतं की एका खांबापाशी उभं राहून पुढचा दिसला नाही तर मागे वळायचं. वळलो. खाली येईपर्यंत ऊन पडलं होतं आणि मी दिवसभर तोंड पाडून बसले होते.

नंतर वाचलं की या डोंगराने आजवर ८० हून जास्त जीव घेतलेत, १९५३ च्या जुलैत एका दिवशी सहा जण गेले, आणि मग तोंड पाडणं बंद केलं. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. हिवाळ्यात वरचा उतार कडक बर्फाचा होतो, पाय सुटला की थांबायला काही नाही, तेव्हा क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी काटे), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि ती वापरता येणं हे सगळं लागतं. नुसती बॅगेला लटकवून उपयोग नाही. आपल्यासारख्या ट्रेकवाल्यांसाठी जानेवारी ते एप्रिल एवढाच काळ, त्यातही अंदाज बघून. आणि अंदाज शहराचा बघायचा नाही, डोंगराचा वेगळा येतो तो बघायचा, माथ्यावरच्या वाऱ्यासकट.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत गेलो, मी आणि माझा धाकटा दीर निनाद, तो नुकताच इकडे न्यूझीलंडला आलाय आणि त्याला सगळंच 'करून टाकायचं' असतं. पहाटे साडेपाचला डोक्याला टॉर्च लावून निघालो. मी घरी नवऱ्याला वेळ लिहून दिली होती की संध्याकाळी इतक्या वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर पोलिसांना फोन कर, आणि सोबत भाड्याने घेतलेला बीकन होता, बटण दाबलं की सॅटेलाइटवरून आपण कुठे आहोत ते कळवतो. मोबाईलच्या भरवशावर राहायचं नाही. परतायची वेळ ठरलेली, १२. कुठेही असू, १२ ला तोंड खाली. हेल्मेटही घेतलं होतं. निनाद म्हणाला वहिनी, बाइकवर जातोय का आपण. त्याला पुढे कळलं.

सुरुवातीचा भाग बोअर आहे, गाडीरस्ताच आहे, पण असा उभा की त्याला नावच द पफर पडलंय, धापा टाकायला लावणारा. तो संपतो टॉवरपाशी, तिथून जवळच ताहुरांगी लॉज. तिथे टॉयलेट आहे, जाऊन घ्या, लाजू नका, याच्यावर काही नाही. पाणीही वर नाही, मी तीन लिटर नेलं होतं, संपलं. मग लाकडी पायऱ्या, न संपणाऱ्या. आणि पायऱ्या संपल्या की घसारा.

हा घसारा म्हणजे मुरुमाचा ढीगच. दोन पावलं वर, एक खाली. तारानाकी थरांचा डोंगर आहे, एक थर लाव्ह्याचा कडक, एक थर राख-दगडांचा सुटा, त्यामुळे पायाखाली कधी काय येईल सांगता येत नाही. मला जमलेली युक्ती एवढीच की छोटी पावलं, बुटाचं टोक आत रोवायचं, एक क्षण वजन ठरू द्यायचं आणि मग दुसरा पाय, आणि आधीच्या लोकांच्या पायऱ्या पडलेल्या असतील तर त्याच वापरायच्या. घाई केली की फक्त दमायला होतं, उंची तेवढीच राहते. निनादने घाई केली, दहा मिनिटांत माझ्या मागे.

त्याच्या वर सोंड सुरू होते, तिला द लिझर्ड म्हणतात, खालून खरंच पाल भिंतीला चिकटल्यासारखी दिसते. इथे काठ्या बॅगेत गेल्या आणि हात बाहेर आले. दोर लागत नाही, पण पाय आणि हात दोन्ही लागतात, आणि चारांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, हे तर आपल्याकडे पहिल्याच रॉक पॅचला शिकवतात. फरक हा की आपला कातळ बहुतेक वेळा जागचा हलत नाही, इथला दगड चांगला दणकट दिसतो आणि हातात येतो. म्हणून प्रत्येक होल्ड, म्हणजे पकडायचा दगड, आधी तळहाताने थोपटायचा, घट्ट दगड ठक्क वाजतो, सुटा पोकळ वाजतो. आणि ओढायचं नाही, खाली दाबून वर सरकायचं. बाजूला घसारा दिसतो, सोपा वाटतो, मोह होतो, पण सोंडेचा कातळ सोडू नये, दमायला तर होतंच आणि दगड सगळे खालच्यांवर जातात.

माझ्याकडून एक गेलाच. नारळाएवढा होता. पाय ठेवला आणि तो निघाला, पहिल्यांदा हळू, मग उड्या मारत. आणि मी ओरडले काय, तर 'दगड! दगड!' मराठीत! खाली चाळीस-पन्नास फुटांवर एक जोडपं चढत होतं, बिचाऱ्यांना काही कळलं नाही म्हणून दोघांनी वर बघितलं, जे अशा वेळी अजिबात करायचं नसतं. दगड त्यांच्या डाव्या हाताने, माणूसभर अंतरावरून गेला. माझे पाय पुढची पाच मिनिटं लटपटत होते. निनाद गप्प. त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, विषयच संपला. तर 'रॉक' म्हणून ओरडायचं, दगड कोणाच्या जवळ जात नसला तरी ओरडायचं, आणि तो शब्द ऐकू आला तर वर न बघता डोंगराला चिकटायचं, बॅग डोक्यामागे घ्यायची. आणि एकमेकांच्या सरळ खाली अंतर ठेवून चढायचं नाही, एक तर अगदी जवळ जवळ राहा म्हणजे दगडाला वेग यायच्या आत थांबवता येतो, नाहीतर तिरके व्हा. वर पोचल्यावर त्या जोडप्याची माफी मागितली. ते हसले, पण बाई म्हणाल्या की ओरडलात ते बरं केलंत, भाषा पुढच्या वेळी बघू.

सोंड संपली की विवर. भर उन्हाळ्यातही आत बर्फ होता, सकाळचा कडक, काचेसारखा. कडेकडेने आणि पडलेल्या पावलांतून गेलो. पलीकडे शेवटचा चढ आणि मग तो दगड.

आता काकाच्या प्रश्नाचं उत्तर.

तारानाकी माओरी लोकांसाठी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांसाठी, नुसता डोंगर नाही, पूर्वज आहे. माउंगा म्हणजे डोंगर, तुपुना म्हणजे पूर्वज, आणि तारानाकी दोन्ही आहे. त्याची गोष्टही आहे, तो आधी बेटाच्या मधोमध तोंगारीरो वगैरे डोंगरांसोबत राहायचा, पिहांगा नावाच्या सुंदर डोंगरीवरून तोंगारीरोशी भांडण झालं, हा हरला आणि रातोरात पश्चिमेला चालत निघाला, जाताना जी खोल चर पडली ती वांगानुई नदी. माथ्यावर ढग आले की तो पिहांगासाठी रडतोय म्हणतात. माथा म्हणजे त्या पूर्वजाचं डोकं, आणि डोकं हा सगळ्यात तापू भाग, पवित्र, हात-पाय लावायचा नाही असा. १८३९ मध्ये डिफेनबाख नावाचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ वर गेला ती पहिली नोंदलेली चढाई, तेव्हा सोबतचे माओरी वाटाडे बर्फाच्या रेषेपाशी थांबले, त्यापुढे आले नाहीत.

त्यांच्याकडून हा डोंगर काढूनही घेतला गेला. १७७० मध्ये कॅप्टन कुकने जहाजावरून बघून एग्मंट नाव देऊन टाकलं, १८६५ मध्ये सरकारने आजूबाजूच्या जमिनीसकट जप्त केला, १९७८ मध्ये परत दिला तो कसा, तर कागदावर परत देऊन लगेच देशाला भेट म्हणून लिहून घेतला. १९८६ पासून दोन्ही नावं चालायची. २०२५ च्या जानेवारीत संसदेने एकमताने कायदा केला, आता नाव फक्त तारानाकी माउंगा, आणि डोंगराला स्वतःला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा, 'ते काहुई तुपुआ' या नावाने. म्हणजे तो आता कोणाच्याही मालकीचा नाही, स्वतःचाच आहे.

आणि एवढं सगळं होऊन तिथल्या लोकांनी चढायला बंदी घातलेली नाही. विनंती आहे, ती पण मोजकी. टोकाच्या दगडावर उभं राहू नका, माथ्यावर तंबू लावू नका, काही शिजवू नका, दगड-झाडं नेऊ नका. बस. ड्रोनलाही परवानगी लागते, तरी आम्ही होतो तेव्हा एकाने बॅगेतून काढला होता, त्याच्याच मित्राने परत ठेवायला लावला.

निनाद दगडापाशी पोचला तेव्हा दोन मुलं वर उभी राहून हात पसरून फोटो काढत होती. मला वाटलं हा आता चढणार. तो म्हणाला, "वहिनी, एवढं आलोय, अजून दोनच हात." मी काहीच बोलले नाही, खरं तर माझ्यात बोलायचा दमच नव्हता. मग तोच जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबांच्या डोक्यावर पाय दिल्यासारखं वाटेल ना पण," आणि खाली बसला. आपल्याला चुकून कोणाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करायची सवय असते, ते आत कुठेतरी असतंच. पूर्वेला लांबवर रुआपेहू आणि तोंगारीरो दिसत होते, म्हणजे ज्याच्याशी भांडण झालं तो अजून समोरच आहे. थंड पराठा खाल्ला. शिजवायचं नाही हा नियम पाळायला सोपा होता.

११ ला उतरायला लागलो. उतरताना जास्त लोक पडतात, पाय थकलेले आणि डोकं घरी पोचलेलं असतं. सोंडेवर तोंड कातळाकडे करून, उलटं, सावकाश. घसाऱ्यावर टाच रोवत, गुडघे थोडे वाकवून. काही पोरं पळत घसरत जात होती, मजा येत असेल, पण त्यांच्या खाली माणसं होती. मला दीड तास जास्त लागला, लागू दे. नवऱ्याला मेसेज ठरल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी गेला.

गाडीपाशी आल्यावर निनादने बूट काढून उलटा केला तर मूठभर लालसर-काळी खडी पडायला लागली. तो थांबला. बूट तसाच सरळ धरला, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा असा लंगडत ट्रॅकच्या सुरुवातीच्या पाटीपर्यंत परत गेला आणि तिथे वाटेच्या कडेला नीट झाडून आला. मग मोजाही झाडला.

"दगड नेऊ नका लिहिलंय ना," म्हणाला.

माझे बूट मी घरी येऊन झाडले होते, पहिल्या वेळी. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.