से की टेल?

आज दहावीच्या मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासल्या. बहुतेक वह्यांत एक वाक्य होतंच: 'ही सेड मी'. मला मुलांचा राग येत नाही. मराठीत 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितलं' ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो, मग इंग्रजीत का नको? पण इंग्रजीत 'टेल'च्या मागोमाग थेट ऐकणारा येतो, 'ही टोल्ड मी'. 'से'ला मात्र मध्ये 'टू' लागतो, 'ही सेड टू मी'. (अपवाद आहेतच. खोटं बोलणं, गोष्ट सांगणं, इथे 'टेल'च, ऐकणाऱ्याचा उल्लेख असो वा नसो.)

हे फळ्यावर लिहीत असतानाच एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग 'एक्सप्लेन मी'पण चूक ना?" हो, तिथेही 'टू'. तिला हे आपणहून सुचलं याचा फार आनंद झाला.

गाईडांत अजूनही से, टेल, स्पीक, टॉक यांचे अर्थ एकाखाली एक छापतात आणि मुलं ते घोकतात. त्याने काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. क्रियापद पुढच्या शब्दासकटच शिकवायला हवं. उद्या 'रॉब' आणि 'स्टील' घेणार आहे: माणसाला किंवा बँकेला लुटलं तर 'रॉब', मोबाईल चोरला तर 'स्टील'.