खाचेतलं काम: तीन जुन्या फ्रेमची पावसाळी नोंद

जून, शेवटचा आठवडा

गोव्यात डिचोलीच्या बाजूला एक जुनं घर मोडलं. तिथलं लाकूडसामान ज्याने घेतलं त्याच्याकडून तीन फ्रेम आणल्या. दोन सागवानी, एक बहुधा शिसवी, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे जाड थर. मोठ्या सागवानी फ्रेममध्ये आजी-आजोबांचा लग्नानंतरचा कृष्णधवल फोटो लावायचा आहे. साठच्या दशकातला, स्टुडिओत काढलेला, जाड कागदावरचा. त्याची निगेटिव्ह कुठेच नाही. म्हणून या वेळी घाई नाही.

आज मागचे खिळे पक्कडीने एकेक सरळ ओढून फ्रेम उघडल्या. मोठीत कुणाच्या तरी घरचा एक ग्रुप फोटो होता, मागे थेट लाकडी फळी. फोटो उलटा केला तर पाठीवर फळीचे रेषे जसेच्या तसे तपकिरी उमटलेले. जिथे फळीला गाठ होती, तिथे कागदावर रुपयाएवढा गडद गोल. पुढून पाहिलं तर तोच गोल एका बाईच्या पदरावर पिवळा होऊन आलेला. लाकडातून आम्ल वाफ सुटत राहते, कोऱ्या लाकडातून आणि जुन्या लाकडातूनही, हे वाचून माहीत होतं. हातात धरून पाहिल्यावर मात्र ठरवलं की पुढच्या पॉलिशपेक्षा आतल्या खाचेवर जास्त मेहनत घ्यायची. काच आणि फोटो जिथे बसतात ती खाच कुणाला दिसत नाही, पण फोटोच्या सगळ्यात जवळ तीच असते. (तो ग्रुप फोटो सामानवाल्याकडून त्या घरच्यांना परत पाठवला.)

जुलै, पहिला आठवडा

लहान सागवानी फ्रेमला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. काळ्या कागदावर हलकेच आपटली, पिठासारखी ताजी भुकटी पडली. म्हणजे कीड जिवंत आहे. खाचेत कीटकनाशक औषध भरायचं नाही, ते फोटोजवळ नको. शेजारचे दादा मासळीचा धंदा करतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यामुळे त्यांचा एक डीप फ्रीझर रिकामाच. फ्रेम दुहेरी प्लास्टिकमध्ये हवा काढून, टेपने बंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर आपल्याकडच्या हवेत थंड लाकडावर पाणी सुटतं.

पांढऱ्या फ्रेमबद्दल आधीच सांगतो, कारण बरेच जण अशी फ्रेम आणून पहिल्यांदा काचपेपरच घेतात. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइलपेंट असेल तर शिसं आहे असं धरूनच चालावं. कोरडं घासायचं नाही आणि हीट गनही लावायची नाही, तापवलं की शिशाची वाफ होते. घरात चार वर्षांची भाची आहे, म्हणून ती फ्रेम सध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे. काम करेन ते पाणी मारून, ओलं खरवडून, पी-१०० फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) मास्क लावून, आणि भाची घरात नसताना. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

जुलै, तिसरा आठवडा

मोठी फ्रेम साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसली. कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यात घासलं, कापूस तपकिरी झाला, पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं. आनंद झाला, कारण चपडा चपड्यावर छान बसतो, सगळं खरवडायची गरज नाही. १८० आणि मग २४० नंबरचा पेपर हलक्या हाताने, रेषांच्या दिशेने. एक कोपरा उघडला होता. जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून काढला, नवीन गोंद लावून दोरीने आवळून गुण्यात (काटकोनात) बसवला.

मग चूक केली. दोन दिवस पाऊस कोसळत होता, खोलीतली आर्द्रता ८८ टक्के, आणि तरी चपड्याचा हात मारला. दहा मिनिटांत सगळ्या फ्रेमवर दुधाळ धुकं चढलं. स्पिरिट उडताना लाकूड गार होतं आणि हवेतलं पाणी थरात अडकतं. चार दिवस थांबलो, उघडीप मिळाल्यावर स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा फिरवला. धुकं हळूहळू गेलं आणि खालून सागवानाचा मधासारखा रंग वर आला. तो क्षण फार सुंदर होता.

आमच्या मेस्तांनी (सुतारांनी) आतूनही मेलामाइन पॉलिश मारायचा सल्ला दिला होता. फर्निचरला ते उत्तम, फोटोजवळ नको. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधून नायट्रोजनची ऑक्साइडं, आणि तेलाचं वॉर्निश वाळता वाळता पेरॉक्साइडं सोडतं. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा म्हणजे चांदीचे बारीक कण. त्यांना हे लागलं की प्रतिमा पिवळी पडते, कडांना आरशासारखी चकाकी येते. तसंच, जवसाच्या तेलाची फडकी कुणी वापरत असेल तर बोळा करून टाकू नका. ती आपोआप पेटतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

ऑगस्ट

खाचेला पाण्यावरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, दोन हात. आता तीन-चार आठवडे नुसतं थांबायचं. हाताला सुकलं म्हणजे वाफ थांबली असं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी काढलेल्या, साहित्यातून हानिकारक वाफ सुटते का हे पाहणाऱ्या चाचणीत सामान आणि धातूच्या पट्ट्या बंद बाटलीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात. माझ्याकडे तशी सोय नाही. मी त्याच लाकडाची, तोच रंग लावलेली चिपटी स्टीलच्या डब्यात रात्रभर बंद करून सकाळी वास घेतो. वास आला तर थांबायचं. दुसऱ्या आठवड्यात येत होता. चौथ्यात नाही. वास नाही म्हणजे वाफ नाही असं मात्र धरत नाही, म्हणून वरून खाचेत अ‍ॅल्युमिनियमची टेप, कोपऱ्यात न फाटता, नखाने दाबून.

चवथीच्या आधीचा आठवडा

फोटो बसवला. काच २ मिमी, आम्लरहित खिडकी-माउंट (फोटोभोवतीची, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) दीड, मागचा बोर्डही दीड, त्यामागे ३ मिमीची पोकळ प्लास्टिक शीट. एकूण आठ, खाच दहाची. मुंबईहून मागवलेला माउंट पीएटी चाचणीत (जवळच्या साहित्याने फोटो बिघडतो का हे पाहणारी चाचणी) उतरलेला आहे, महाग पडला, पण इथे पैसे वाचवू नयेत. माउंटमुळे फोटो आणि काच यांच्यात हवा राहते. आपल्या पावसाळ्यात फोटोवरच्या थरातलं जिलेटिन काचेला चिकटलं की ते सोडवता येत नाही. फोटोला टेप किंवा गोंद कुठेही नाही, फक्त चार कागदी कोपरे.

बाहेरची चिऱ्याची भिंत अजून ओल धरून आहे, म्हणून फ्रेम मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीवर, मागे कॉर्कचे चार तुकडे लावून, खिडकीच्या उजेडापासून बाजूला टांगली. आई बराच वेळ बघत उभी राहिली. आजीच्या हातातल्या बांगड्या तिने मोजल्या.

पांढरी फ्रेम डिसेंबरात, हवा कोरडी झाल्यावर उघडेन.