डूक वानर ठेवायचा तर आधी पाल्याची सोय

गुडघ्यापासून खाली तांबडे पाय, करडं अंग, पांढरी दाढी. तांबड्या पायांचा डूक वानर फोटोत एकदा पाहिला की विसरत नाही. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाच्या जंगलातला हा प्राणी अतिसंकटग्रस्त आहे. पण देखणा आणि दुर्मीळ म्हणून तो मागवणाऱ्या प्राणिसंग्रहालयांची गाडी अडते ती त्याच्या पोटापाशी.

हे पोट कप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यात जिवाणू पाला आंबवतात, त्यातला सेल्युलोज फोडतात, आणि त्यातून निघणाऱ्या मेदाम्लांवर वानर जगतो. आपल्या हनुमान लंगुराचं पोटही याच घडणीचं. पण देवळाबाहेरचे चणे, बिस्किटं खाऊनही लंगूर तगून जातो, डूक तगत नाही. त्यामुळे ‘लंगूर सांभाळलेत, हेही जमेल’ हा हिशेब धरू नये.

पहिली चूक फळांची. केळी, द्राक्षं, सफरचंद ही माणसाने निवडून गोड केलेली फळं. जंगलातली फळं त्यामानाने कमी गोड आणि जास्त चोथ्याची. जादा साखर पोटात भराभर आंबते, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू (पीएच) उतरतो म्हणजे आम्लता वाढते, आणि चोथा पचवणारे जिवाणू मरू लागतात. मग पोटफुगी, जुलाब, खाण्यावरची वासना जाणं. इथेच घोळ होतो: पाला खात नाही म्हणून कोणीतरी मायेने केळं पुढे करतं, आणि दुखणं बळावतं. पाव आणि भातातलं पिष्टही तेच करतं.

मग नुसता पाला द्यावा का? हो, पण एकाच झाडाचा नको. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, शेंगा असं मिश्रण हवं. बाभूळवर्गातल्या काही झाडांच्या सालीचे चिवट धागे पोटात गोळा होऊन आतडं अडवू शकतात. कण्हेरीची एक फांदी चुकून भाऱ्यात आली तरी जनावर दगावू शकतं, म्हणून पाला तोडणाऱ्याला झाडं ओळखता आलीच पाहिजेत.

किती खाल्लं हे ‘टोपली रिकामी झाली’ यावरून कळत नाही. दिलेल्या फांद्या तोला, उरलेल्या तोला. त्याच झाडाची एक फांदी वानरांच्या हाताला लागणार नाही अशी टांगून ठेवा. ती सुकून ज्या प्रमाणात हलकी होईल, त्या प्रमाणात उरलेल्या फांद्यांचं वजन वाढवून धरा. पाला दिवसातून अनेकदा आणि वेगवेगळ्या ठिकाणी बांधा, नाहीतर दांडगा नर कोवळं तेवढं खाऊन जातो आणि पिल्लू पाजणाऱ्या मादीला काड्या उरतात.

युरोपात हिवाळ्यात झाडं निष्पर्ण होतात. तिथे उन्हाळ्यातच पाला तोडून उणे १८ अंशांवर गोठवतात किंवा हवाबंद पिंपात दाबून मुरवतात. पिंपात हवा राहिली की बुरशी धरते. तो पाला सरळ फेकावा, वरचा थर काढून खालचा देण्याची काटकसर महागात पडते. व्हिएतनाममधल्या कुक फुओंग राष्ट्रीय उद्यानात १९९३ साली संकटग्रस्त वानरांसाठी बचाव केंद्र सुरू झालं. तिथे डूक टिकण्यामागे ताज्या स्थानिक पाल्याचा वाटा मोठा आहे. मला विचाराल तर पाल्याची बारमाही सोय नसलेल्या संग्रहालयाने हा प्राणी मागूच नये.

औषधोपचारही सरळ नाही. तोंडावाटे दिलेलं प्रतिजैविक पोटातल्या जिवाणूंनाही मारतं, म्हणून शक्य तिथे इंजेक्शन बरं. भूल देताना तर जास्त जपावं लागतं. उपाशी ठेवूनही पुढचा कप्पा पुरता रिकामा होत नाही. आंबलेला लगदा उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी, आणि मान उंच पण तोंड खाली उतरतं राहील असं जनावर ठेवावं, म्हणजे वर आलेलं बाहेर पडतं.