बर्फाच्या कप्प्यातली व्हायल

मावशींचा तिसरा डोस होता. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर; दर 21 दिवसांनी केमो आणि सोबत रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडी प्रकारचं इंजेक्शन. मुलगा सांगोल्याकडून पहाटेच्या एसटीने त्यांना घेऊन आला होता. हे इंजेक्शन बाहेर स्वस्त मिळतं म्हणून बहुतेक जण आदल्या दिवशीच आणून घरी ठेवतात.

नर्स म्हणून हे औषध हाताळायला मला मनापासून आवडतं. बाकीची केमो वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. हे मात्र बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या सीडी20 या खुणेलाच जाऊन चिकटतं, मग आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशी मारते. व्हायल, म्हणजे औषधाची कुपी, हलवायची नाही, फेस येऊ द्यायचा नाही. सलाईनमध्ये सोडल्यावर बाटली फक्त अलगद उलटी-सुलटी करायची. पहिल्या डोसला ताशी 50 मिलिग्रॅमने सुरुवात, मग दर अर्ध्या तासाला 50 ने वाढ, आणि तोवर पेशंटजवळून हलायचं नाही. मावशींना पहिल्या वेळी तासाभरातच अशी हुडहुडी भरली होती की खुर्ची थरथरत होती. ड्रिप थांबवली, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, ताप उतरल्यावर निम्म्या रेटने पुन्हा चालू केली.

त्या दिवशी 500 आणि 100 मिलिग्रॅमच्या अशा दोन व्हायल हातात घेतल्या. पाणी नितळ, गाठ नाही, कण नाही. सहज विचारलं, "दादा, रात्री कुठं ठेवलं होतं?"

"बर्फाच्या कप्प्यात, सिस्टर. सकाळी घट्ट झालं होतं, एसटीत वितळलं."

मी सुई खाली ठेवली. अँटिबॉडी म्हणजे प्रथिन. गोठलं की त्याची घडी बिघडू शकते, गुठळ्या होऊ शकतात, आणि त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. नवे डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ तर दिसतंय." दिसण्यावर हे औषध द्यायचं नसतं, हे त्यांना कुणीतरी आधीच शिकवायला हवं होतं. मी नाही म्हटलं. मोठ्या सरांना फोन केला. त्यांनी त्या दिवशी फक्त केमो द्यायला सांगितली, रिटुक्सिमॅब नवीन आणून चार दिवसांनी.

पतसंस्थेतून कर्ज काढून आणलेलं औषध होतं. मुलाने खिशातून आमच्याच दवाखान्याची चिठ्ठी काढून दाखवली. तीवर छापलंय, "औषध थंड ठेवावे." 2 ते 8 अंश नाही, "गोठवू नये" नाही. चिठ्ठीत सांगितलं तेच त्याने केलं होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आमचं चुकलं होतं.

ती चिठ्ठी मी त्याच दिवशी पेनाने दुरुस्त केली, नवीन छापायचा अर्जही दिला. पण जाताना तो म्हणाला, "मग मागच्या दोन वेळचं? तेही तिथंच ठेवलं होतं."

ते दोन्ही डोस मीच दिले होते, न विचारता. मावशींच्या मानेतली गाठ तर बरीच बसलीय. ती केमोने बसली की त्या औषधाने, आणि पहिल्या दिवशीची ती हुडहुडी नेहमीची होती की गोठलेल्या औषधाची, हे आता कोण सांगणार?